सोळा चौरस मीटरचा करार

माझ्या खोलीचे क्षेत्रफळ १६ चौरस मीटर भरले, आणि म्हणून महिन्याला १६ तास मदत करणे माझ्यावर बंधनकारक झाले. वरच्या मजल्यावरील त्या खोलीचे छत दोन्ही बाजूंनी उतरते होते. छताची उंची एक ते दोन मीटर असेल तेथील जागा जर्मन नियमाप्रमाणे अर्धीच धरतात आणि त्याहून बुटकी जागा मोजतच नाहीत. त्यामुळे प्रत्यक्षात बरीच ऐसपैस असलेली ती खोली कागदावर लहान झाली आणि माझे तासही त्या प्रमाणात कमी झाले. २०२३ च्या हिवाळी सत्रासाठी मी जर्मनीतील फ्रायबुर्ग शहरात गेले, तेव्हा ज्या वृद्ध दांपत्याच्या घरी राहिले, त्यांच्याशी झालेला माझा करार या एका हिशोबावर उभा होता. खोलीला भाडे नाही. दर चौरस मीटरमागे महिन्याला एक तास घरातील कामांना हातभार लावायचा, आणि वीज, पाणी, गॅस यांच्या खर्चापोटी एक ठरावीक रक्कम वेगळी द्यायची. ‘वोनेन फ्युर हिल्फं’, म्हणजे राहण्याच्या बदल्यात मदत, या नावाने ही पद्धत जर्मनीतील अनेक विद्यापीठांच्या शहरांत चालते. तिची सुरुवात १९९२ साली डार्मश्टाटमध्ये झाली. मोठ्या घरात दोघेच किंवा एकटेच उरलेले वृद्ध आणि परवडणारी खोली न मिळणारे विद्यार्थी यांची गाठ स्थानिक कार्यालय घालून देते. करारातील एक कलम मात्र सगळीकडे सारखे असते: आजारी माणसाच्या शरीराची कोणत्याही प्रकारची शुश्रूषा या मदतीत मोडत नाही. त्या कलमाविषयी पुढे लिहायचे आहेच.

मी फ्रायबुर्ग निवडले ते वनशास्त्रासाठी. साताऱ्यात वनस्पतिशास्त्राची पदवी घेतली होती, पुण्यात बोट क्लब रस्त्यावरील मॅक्स म्युलर भवनात जर्मन भाषेच्या परीक्षा दिल्या होत्या, आणि प्रवेशही मिळाला होता. अडचण होती ती पैशांची. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत शिक्षण मोफत असते असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते, परंतु फ्रायबुर्ग ज्या बाडेन-व्युर्टेंबेर्ग राज्यात येते तेथे युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सत्राला १,५०० युरो शुल्क द्यावे लागते. व्हिसासाठी त्या वर्षी ११,२०८ युरो गोठवलेल्या खात्यात ठेवणे आवश्यक होते, आणि त्यातून दरमहा ९३४ युरोच काढता येत होते. शुल्काचे महिन्याचे २५० आणि आरोग्यविम्याचे सुमारे सव्वाशे युरो वजा केले, तर साडेपाचशेच्या आसपास उरत होते. मी पाहिलेल्या खोल्यांच्या जाहिरातींत चारशेच्या खाली काही दिसत नव्हते. शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी आणि व्हिसा यांत उन्हाळा गेला. त्याविषयी इतरांनी इतके लिहिले आहे की मी त्यात भर घालत नाही.

मदतीच्या मोबदल्यात राहण्याचा अर्ज मी साताऱ्यातूनच पाठवला. त्यात बागकाम येते का, वाहन चालवता का, धूम्रपान करता का, पाळीव प्राण्यांचा त्रास होतो का, संगणकाचे काम समजावून सांगता येईल का, रात्री घरात कुणी असणे महत्त्वाचे वाटते का, असे बारीक प्रश्न होते. काही आठवड्यांनी कार्यालयातील समन्वयकबाईंनी व्हिडिओवर भेट ठरवली. समोर ऐंशी ओलांडलेले दोघे बसले होते. मी या लेखात त्यांना आजी आणि आजोबा म्हणणार आहे. प्रत्यक्षात पहिले कित्येक आठवडे मी आडनावापुढे ‘फ्राउ’ आणि ‘हेर’ लावत असे, आणि नंतर त्यांनी नावाने हाक मारायला सांगितल्यावर ते जिभेवर येईना म्हणून मी शक्यतो हाक न मारताच बोलू लागले. आजोबा निवृत्त वनाधिकारी होते. त्यांनी माझा अभ्यासक्रम विचारला आणि ते खूश झाले. आजींनी एकच प्रश्न विचारला. ‘इथे तुला आवडले नाही, तर तू काय करशील?’ मी म्हणाले, तुम्हाला सांगेन. त्यांनी तो प्रश्न पुन्हा, जरा सावकाश विचारला, आणि मीही तेच उत्तर पुन्हा दिले.

घरी मात्र या करारावर बराच खल झाला. ‘म्हणजे एवढं शिकून लोकांकडे धुणीभांडी करायला चाललीस का?’ असे आई म्हणाली, आणि बाबा गप्प राहिले, याचा अर्थ त्यांचेही मत तेच होते. बाजू घेतली ती अण्णांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी. अण्णा शाळकरी वयात खेड्यातून पुण्याला आले ते वार लावून जेवले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात घरांचे सात वार. त्या बदल्यात कुणाच्या मुलांचे पाढे घ्यायचे, कुणाची भाजी आणायची, कुणाच्या पूजेची फुले आणायची. त्यांतील सदाशिव पेठेतल्या एका घरी ते वाडा पाडला जाईपर्यंत दर दिवाळीला नमस्काराला जात असत. आणखी एका घराचे नाव मात्र त्यांच्या तोंडून आम्ही कधीच ऐकले नाही. त्यांनी माझा करार भिंग लावून पाहिला, कारण जर्मन येत नसले तरी आकडे वाचता येत होते, आणि विचारले, ‘तास ठरलेत ना?’ मी हो म्हणाले. ‘मग बरंय. आमचे ठरलेले नव्हते.’

सप्टेंबरच्या अखेरीस मुंबईहून फ्रांकफुर्ट आणि तेथून रेल्वेने फ्रायबुर्ग असा प्रवास करून मी पोहोचले. घर शहराच्या पूर्वेला, लिटेनवायलर भागात होते. ट्रामची एक नंबरची गाडी जेथे संपते त्याच्या अलीकडे, द्राइझाम नदीपासून चालण्याच्या अंतरावर. संध्याकाळी डोंगराच्या घळीतून गार वारा उतरतो आणि उन्हाळ्यातही अंगावर काही घ्यावेसे वाटते. आजोबांनी सामान ठेवू देण्याआधी मला फाटकापाशी नेले आणि पत्रपेटीवर त्यांच्या आडनावाखाली चिकटवलेली पट्टी दाखवली. माझे आडनाव त्यांनी अर्जावरून एकेक अक्षर पडताळून छापून आणले होते. जर्मनीत पत्त्यावर घराचा क्रमांक असतो, पण एकाच इमारतीतल्या कोणत्या पेटीत पत्र टाकायचे हे पेटीवरील नावावरूनच ठरते. नाव नसेल तर पत्र परत जाते, आणि तेथील निम्मे आयुष्य पत्रांवर चालते. बँकेचे कार्ड एका पाकिटातून येते, त्याचा गुप्त क्रमांक दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पाकिटातून येतो, करदात्याचा क्रमांक तिसऱ्यातून. त्याच दिवशी आजोबांच्या मनगटावरील बटनही मला दाखवण्यात आले. ते दाबले की मदतकेंद्रात घंटा वाजते. ‘मी पडलो, तर मला उचलायचे नाही. बटन दाबायचे, किंवा ११२ फिरवायचे आणि माझ्याजवळ बसून राहायचे,’ असे त्यांनी फ्रिज कसा उघडतो हे सांगावे तशा सुरात सांगितले.

राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंद करावी लागते, आणि त्यासाठी घर देणाऱ्याने सही केलेले प्रमाणपत्र लागते. ते आजींनी भरून ठेवले होते. नोंदणी श्ट्युलिंगर भागातील नव्या नगरगृहात होते. दर्शनी भागावर सौरपट्ट्या बसवलेली ती गोल इमारत पाहायला वास्तुशास्त्राचे विद्यार्थी येतात, मी मात्र टोकन क्रमांकाच्या पडद्याकडे पाहत बसले होते. काम पंधरा मिनिटांत झाले. पुढे काही दिवसांनी सार्वजनिक रेडिओ-दूरचित्रवाणीच्या वर्गणीचे पत्र माझ्या नावाने आले. महिन्याला १८.३६ युरो, तुमच्याकडे रेडिओ असो वा नसो. मी घाबरून ते आजींकडे नेले. वर्गणी माणसामागे नसून घरामागे असते, आणि या घराची भरली जातच आहे, तेव्हा त्यांचा वर्गणीदार क्रमांक कळवला की विषय संपतो, असे त्यांनी सांगितले. हे उत्तराचे पत्र त्यांनी मला माझ्या जर्मनमध्ये लिहायला लावले, दोन ठिकाणी विभक्तीचे प्रत्यय सुधारले, आणि त्याची प्रत काढून फाइलला लावली. माझ्या नावाची फाइल मी येण्याआधीच कपाटात उभी होती.

घराचे नियम पहिल्या आठवड्यात हळूहळू उलगडत गेले. सगळे कुणी एकदम सांगत नाही, कारण त्यांना ते नियम वाटतच नाहीत. सकाळी उठल्यावर हीटर बंद करून खिडकी सताड उघडायची, पाच-दहा मिनिटांनी लावून घ्यायची, आणि हे दिवसातून दोन-तीन वेळा करायचे. खिडकी दिवसभर किलकिली ठेवणे सर्वांत वाईट, कारण भिंत थंड पडते आणि कोपऱ्यात बुरशी धरते. हीटरच्या चकतीवरील तीनचा आकडा म्हणजे साधारण वीस अंश, आणि तीनच्या पुढे चकती फिरवणे हा त्या घरात चर्चेचा विषय होता, कारण आदल्या वर्षीच्या गॅसच्या बिलाची धास्ती अजून गेली नव्हती. कागद, ओला कचरा, उरलेला कचरा आणि वेष्टनांची पिवळी पिशवी ही वाटणी मी पुस्तकात वाचली होती. काचेच्या रिकाम्या बाटल्या रंगाप्रमाणे कोपऱ्यावरील वेगवेगळ्या पेट्यांत टाकायच्या, पण रविवारी टाकायच्या नाहीत, कारण आवाज होतो, हे पुस्तकात नव्हते. रविवारी गवतही कापायचे नाही, दुकानेही बंद. आमच्याकडे रविवार म्हणजे आठवड्याची सगळी आवाजाची कामे उरकण्याचा दिवस, त्यामुळे सुरुवातीला ती शांतता मला सुखाची न वाटता बेचैन करणारी वाटे.

स्वयंपाकघराचा प्रश्न याहून अवघड होता. फ्रिजमधील एक कप्पा आणि कपाटातील एक फळी माझी. दोघेही दुपारी साडेबाराला गरम जेवत आणि संध्याकाळी साडेसहाला राय या धान्याचा पाव, चीज, खारवलेली काकडी असे थंड जेवण घेत. संध्याकाळी चूल पेटत नसे. मी शाकाहारी आहे याचे त्यांना काही वाटले नाही, फोडणीचे मात्र वाटले. चुलीवरील धुराडे हवा बाहेर न सोडता कोळशाच्या गाळणीतून पुन्हा घरातच सोडणारे होते, आणि स्वयंपाकघराच्या दाराबाहेर लगेच कोट टांगायच्या खुंट्या होत्या. पहिल्या आमटीनंतर दुसऱ्या दिवशी आजोबांच्या कोटाला हिंगाचा वास येत होता आणि त्यांना तो कसला हे कळत नव्हते. फोडणी न करणे मला शक्य आहे, असे मी आजींना सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या की फोडणी न करता तू किती दिवस राहशील, आणि राहिलीस तरी मनातून कशी राहशील. मग त्यांनी सुताराला बोलावून खुंट्या जिन्याच्या वरच्या टोकाला लावून घेतल्या. माझा स्वयंपाक दुपारी दोननंतर, दार लावून, खिडकी उघडून, असे ठरले. तूरडाळ आणि हिंग शहरातील आशियाई दुकानात मिळत होते. दसऱ्याला मी तेथील क्वार्कचे श्रीखंड केले. क्वार्क चक्क्याच्या इतके जवळचे आहे की फडक्यात बांधून थोडे पाणी काढले आणि केशर-वेलदोडा घातला की आईलाही ओळखू येऊ नये. आजोबांनी ते पावाला लावून खाल्ले.

आता तासांविषयी. फ्रिजशेजारी खिळ्याला एक शाळकरी वही टांगलेली असे. तारीख, काम, वेळ; पाव तासापर्यंतचा हिशोब, आणि महिनाअखेरीस दोघींच्या सह्या. पहिले काम आले ते सफरचंदांचे. मागच्या अंगणातील झाड फळांनी वाकले होते. पिशव्या भरून ती शेजाऱ्यांच्या गाडीतून गावाबाहेरील एका ठिकाणी नेली. ते सफरचंदांचे गुऱ्हाळच होते: लोक आपापली फळे घेऊन रांगेत उभे, आणि आपल्याच फळांचा गरम केलेला रस पेट्या भरून घरी न्यायचा. नंतरची कामे याहून साधी होती. पाण्याच्या बाटल्यांचे जड खोके आणणे, रिकाम्या बाटल्या यंत्रात टाकून त्यांची अनामत परत घेणे, पाने झाडणे, वरच्या खिडक्यांच्या काचा, विमा कंपनीच्या पत्रातील बारीक टाइप वाचून दाखवणे, फोनवरून रेल्वेचे तिकीट काढून देणे.

ऑक्टोबरअखेर बेरीज केली तेव्हा ती १६ च्या बरीच खाली होती. आजींनी चष्म्यावरून पाहिले. मी जे केले होते त्यातील बरेच लिहिलेच नव्हते. जिन्यावरून कपड्यांची टोपली वर नेणे, चहाचे पाणी ठेवणे, हरवलेला चष्मा शोधणे, बँकेचा संदेश वाचून दाखवणे, ही कामे तासांत लिहायची हे मला पटत नव्हते. ज्यांच्या घरी राहायचे, त्या वडीलधाऱ्यांना पाणी दिले म्हणून पाच मिनिटे मांडायची, हे ऐकून आमच्याकडे कुणीही कपाळावर हात मारला असता. मी हे शक्य तितक्या सभ्य जर्मनमध्ये सांगितले. आजींनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘तू लिहिले नाहीस, तर पुढच्या वेळी मला तुला टोपली न्यायला सांगता येणार नाही. मी आधी तीनदा विचार करीन, आणि मग स्वतःच नेईन, आणि पडेन.’ मला यावर उत्तर सुचले नाही. मागण्याचा संकोच मागणाऱ्यालाच असतो, आणि तो वहीमुळे जातो, ही बाजू मी पाहिली नव्हती, कारण आमच्या घरात मोठ्यांना मागण्याचा संकोच कधी नव्हताच. तो सुनांना आणि आश्रितांना असे. मी नोव्हेंबरपासून टोपल्याही लिहू लागले.

आजोबांबरोबर फिरायला जाण्याचा हिशोब मात्र बराच काळ वादग्रस्त राहिला. करारात ‘सोबत’ हे काम मोडते. आठवड्यातून दोन दुपारी आम्ही द्राइझामच्या काठाने दुसऱ्या पुलापर्यंत जात असू, आणि ते सगळा वेळ झाडांविषयी बोलत. २०१८ पासूनच्या कोरड्या उन्हाळ्यांत ब्लॅक फॉरेस्टमधील स्प्रूसची झाडे पाण्याविना दुबळी झाली आणि सालीखाली पोखरणाऱ्या किड्यांनी उभीच्या उभी वाळवली, हे मला वर्गात आलेखांतून शिकवले जात होते. आजोबा समोरच्या उतारावरील तपकिरी ठिपक्यांकडे काठी दाखवून तेच सांगत, आणि त्या उतारावर स्प्रूस लावणाऱ्यांत ते स्वतः होते, हेही सांगत. चंदेरी फरची मुळे खोल जातात म्हणून ती तग धरून आहे, हा त्यांचा आवडता मुद्दा. भारताच्या वनखात्याचा पहिला प्रमुख १८६४ मध्ये दीट्रिश ब्रांडिस हा जर्मन होता, आणि त्याने ब्रह्मदेशातील सागाच्या जंगलांत काम करून नाव कमावले होते, हे मी त्यांना सांगितले तेव्हा ते थबकून उभे राहिले. त्यांना साग ठाऊक होता तो बागेतल्या बाकाचे लाकूड म्हणून. घरी आल्यावर आजी वहीत ‘सोबत, एक तास’ असे लिहीत, आणि मी म्हणत असे की ही तर माझी शिकवणी झाली, उलट मीच देणे लागते. अखेर आजोबांनीच तोडगा काढला: अर्धा तास लिहायचा, कारण निम्मा वेळ तिला खरोखर रस असतो आणि निम्मा वेळ ती सौजन्याने ऐकते. कोणता निम्मा, हे त्यांना बिनचूक कळत होते असा माझा संशय आहे.

१ नोव्हेंबरला तेथे सर्वसंतांचा दिवस असतो. फ्रायबुर्ग कॅथलिक वळणाचे, त्यामुळे त्याआधी सगळे लोक आपापल्या माणसांच्या थडग्यांवरील पाने काढून, नवी झुडपे लावून, लाल काचेतील दिवे ठेवून येतात. आजींच्या आईवडिलांच्या थडग्याच्या दगडावर शेवाळ धरले होते. मी ते घासले, आजींनी हीदरची रोपे लावली, आजोबा बाकावर बसून सूचना देत होते. नुकताच आमचा पितृपंधरवडा संपला होता, त्यामुळे त्या गर्दीत मला परके वाटले नाही. थडग्याची जागा कायमची नसते, ठरावीक वर्षांनी तिची मुदत वाढवून घ्यावी लागते, हे ऐकून मात्र नवल वाटले. घरी आल्यावर, मला शिकवले होते त्याप्रमाणे, मी वहीत दीड तास लिहिला. आजींनी तो खोडला. मी विचारले, टोपली लिहायची आणि हे नाही, ते का? ‘हे मी तुझ्याकडे मागितले नव्हते. तू आमच्याबरोबर आली होतीस,’ असे म्हणून त्या भाजी चिरायला लागल्या. त्या वर्षी लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला आले, आणि आदल्या संध्याकाळी संत मार्टिनच्या सणाची मुले कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत गल्लीतून गेली. मी आजींबरोबर बसून आकाशकंदील केला होता, तो दुसऱ्या दिवशी दारात लागला. शेजारच्या बाईंनी आमचा कंदील एक दिवस उशिरा का, असे विचारले. कागद कापण्याचे तास कुणाच्या नावावर धरायचे, असे आजींनीच मला हसत विचारले.

सर्वांत कठीण प्रसंग डिसेंबरातील एका रविवारी आला. आजोबांच्या पायांना सूज येत असे, आणि त्यासाठी घट्ट दाबमोजे सकाळी, अंथरुणातून उठण्यापूर्वीच चढवावे लागत. ते चढवायला शुश्रूषा सेवेची परिचारिका रोज आठच्या सुमारास येई. त्या दिवशी साडेनऊ झाले तरी कुणी आले नव्हते. आजींच्या बोटांत संधिवातामुळे ताकद नव्हती. आजोबा पडूनच होते आणि त्यांना शौचालयाला जायचे होते. अण्णांच्या पायांना मी वर्षानुवर्षे तेल लावले आहे; मोजे कसे चढवतात हे मी दारातून रोज पाहत होते. मी हातमोजे घातले आणि आत गेले. आजींनी मला दारातच अडवले. मी म्हणाले की करारातील कलम मला माहीत आहे, पण हा करार पाळण्याचा प्रसंग नव्हे. त्या म्हणाल्या, हाच आहे. त्यांनी सेवेला पुन्हा फोन केला, आजोबांना लघवीची बाटली दिली, आणि नाश्ता अंथरुणातच नेला. परिचारिका अकराच्या आत आली. वाटेत एका घरी रुग्ण पडलेला सापडल्याने तिला थांबावे लागले होते. तोवर मी माझ्या खोलीत रागाने धुमसत बसले होते, आणि खरे सांगायचे तर आजींना मी मनातल्या मनात निष्ठुर ठरवून टाकले होते.

दुपारी त्यांनी मला बोलावले. पहिले कारण मला अपेक्षित होते: मोजा ओढताना म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी फाटते, ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही, आणि झाले तर उत्तर कोण देणार. दुसरे कारण असे होते की माझ्याआधी त्या खोलीत एक विद्यार्थिनी राहत होती. ती मनाने फार चांगली होती, आणि तेव्हा वही नव्हती. एकदा परिचारिका आली नाही म्हणून तिने मोजे चढवले, मग सुट्टीच्या दिवशी चढवले, मग सेवेने रविवारची फेरीच बंद केली, मग ती शनिवार-रविवार शहराबाहेर जाईनाशी झाली. तिने कधी तक्रार केली नाही. एक दिवस सत्र संपण्याआधीच ती चिठ्ठी ठेवून निघून गेली. ‘आम्ही तिला काही मागितले नव्हते,’ आजी म्हणाल्या, ‘आम्ही फक्त घेत गेलो.’ व्हिडिओवरील तो प्रश्न त्यांनी दोनदा का विचारला होता हे मला तेव्हा कळले. अण्णा ज्या घराचे नाव घेत नाहीत, तेथे काय झाले असेल, हा विचारही त्याच दुपारी प्रथम मनात आला. माझा राग लगेच गेला असे मी म्हणणार नाही. अडीच-तीन तास एका म्हाताऱ्या माणसाला ताटकळत ठेवणारी व्यवस्था चांगली आहे, हे मला आजही मान्य नाही. पण ती दुरुस्त करण्याचे काम माझ्या हातांनी झाले असते, तर ते कायमचे माझ्याच हातांवर आले असते, हेही तितकेच खरे. आजींनी दुसऱ्या दिवशी सेवेकडे लेखी तक्रार केली आणि उशीर होणार असल्यास आठच्या आत फोन करण्याचे त्यांच्याकडून लिहून घेतले. त्या पत्राचा मसुदा टाइप करण्याचा अर्धा तास वहीत आहे.

जानेवारीत कराराचा चाचणीचा काळ संपला आणि समन्वयकबाई आढावा घ्यायला आल्या. त्या आधी माझ्याशी माझ्या खोलीत आणि मग त्या दोघांशी खाली, असे वेगवेगळे बोलल्या, आणि नंतर सगळ्यांना एकत्र बसवून प्रत्येकाने जे सांगितले ते बेधडक मांडले. मला फेब्रुवारीत परीक्षा होत्या; त्या महिन्याचे तास निम्मे करून उरलेले मार्च-एप्रिलमध्ये, बटाटे लावण्याच्या वेळी, भरून काढण्याचे ठरले. बर्फ पडल्यास घरासमोरचा पदपथ मोकळा करण्याची जबाबदारी घरमालकावर असते, आणि तेथे कुणी घसरून पडले तर भरपाईही त्याच्याचकडे मागितली जाते. ते काम माझ्याकडे आले, पण माझा सकाळी वर्ग असेल त्या दिवशी शेजाऱ्यांचा मुलगा करील आणि त्याला आजी पैसे देतील, असे नमूद झाले. महिन्यातून एक शनिवार-रविवार मी न सांगता बाहेर जाऊ शकते, ही ओळ आजींनी स्वतः घालायला लावली. मग त्यांनी वरण-भाताचा विषय काढला. दर दुसऱ्या शनिवारी दुपारचे जेवण मी करावे आणि त्याचे तास लिहावेत, असे त्यांना हवे होते. जेवणाचे तास मी लिहिणार नाही, त्यावर मी अडून बसले. बराच वेळ गेल्यावर असे ठरले की सामान त्यांचे, वेळ माझा, आणि ही गोष्ट करारात न घालता तोंडीच राहील. आजोबांनी तिखट कमी असावे अशी अट लेखी घालून घेण्याचा प्रयत्न केला, परंतु जे करारातच नाही त्याला अट कशी जोडायची, असे समन्वयकबाईंनी त्यांना विचारले.